सकाळी आठचं रक्त

(सामुदायिक रेडिओवर प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी शेळ्यांमागं असाल, कुणी गटाची बैठक उरकून तिथंच रेडिओ लावून बसला असाल.

मी बचत गटांची समन्वयक आहे. वह्या तपासायच्या, बँकेत कागद पोचवायचे, बैठका वेळेवर होतात का बघायचं, हे माझं काम. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. तरी आज रक्ताच्या एका तपासणीबद्दल बोलणार आहे, कारण हा विषय मला गटाच्या वहीतच सापडला.

गेल्या थंडीत एका गटाची वही बघत होते. तीन बायकांच्या नावापुढं अंतर्गत कर्ज १,२०० रुपये, तिघींची तारीख एकच. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘टेन्शनची तपासणी’. मी विचारलं, हे काय? अध्यक्ष ताई म्हणाल्या, “गावात लॅबची गाडी आली होती. रक्तातला ताण मोजून देतो म्हणाले. आमच्या डोक्याला ताप काय कमी आहे? म्हटलं, एकदा मोजून तरी बघावं.”

बायका हसल्या. पण त्या तिघींतली एक ताई हसली नाही. तिनं पिशवीतून रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. कागदावर लिहिलं होतं कॉर्टिसॉल, आकडा ४.३, आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. तिला कुणीतरी सांगितलं होतं की, तुझी ग्रंथी निकामी झाली. आठ दिवस तिच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं. ताण मोजायला गेली आणि ताण विकत घेऊन आली.

मी रिपोर्टवर वेळ शोधली. रक्त घेतलं होतं दुपारी साडेतीनला. शेजारी छापलेला नेहमीचा आकडा मात्र सकाळचा होता. मी तिला म्हटलं, “ताई, मी डॉक्टर नाही, पण घाबरू नकोस. उद्या आपण दोघी आरोग्य केंद्रात जाऊ.”

मला हे कसं ठाऊक? कारण या तपासणीचं नाव मी माझ्याच घरात, फार वाईट दिवसांत ऐकलं होतं. ती गोष्ट आधी सांगते, मग तपासणीकडं येते.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचे गुडघे दुखायचे. पन्नास वर्षं खुरपणी, भांगलण, डोक्यावर पाणी. एकानं सांगितलं, शेजारच्या तालुक्यात एक जण पुड्या देतो, हमखास गुण येतो. आत्या गेल्या. आठवड्याच्या पुड्या, २५० रुपये. पुडीवर नाव नाही, चिठ्ठी नाही. पण तिसऱ्या दिवशी आत्या उठून अंगण झाडायला लागल्या. आम्हाला वाटलं, देवच पावला.

दीड वर्ष आत्यांनी त्या पुड्या घेतल्या. भूक वाढली, चेहरा भरला, गोल झाला. पाहुणे म्हणायचे, “म्हातारीची तब्येत काय सुधारलीय!” हातापायाची कातडी मात्र कागदासारखी पातळ झाली, जरा कुठं लागलं की काळानिळा डाग पडायचा. साखर वाढली. आम्ही म्हटलं, वय झालं.

मग माझं तालुक्याला एक प्रशिक्षण झालं. त्यात आरोग्यावर एक तास होता. तिथं सांगितलं की, अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. माझ्या डोळ्यांपुढं आत्याच उभ्या राहिल्या. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी डब्यातल्या सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. आत्या म्हणाल्या, “अगं, गुण येतोय मला.” मी म्हटलं, “आत्या, हे विष आहे. आजपासून बंद.”

मैत्रिणींनो, मला प्रशिक्षणात अर्धीच गोष्ट कळली होती. उरलेली अर्धी दवाखान्यात कळली.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आत्यांचं अंग गळायला लागलं. जेवण नको, मळमळ, सगळं अंग ठणकतंय. मला वाटलं, पुडीची सवय सुटतेय, होईल बरं. दहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मोरीकडं जायला उठल्या आणि चक्कर येऊन पडल्या. ग्रामीण रुग्णालयात नेलं तर बीपी वरचा ८०, साखर ५८. सलाइन लावून त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. रात्रीचे अकरा वाजले होते.

तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “आजी कुठली गोळी, पुडी, इंजेक्शन घेत होत्या का? मध्येच बंद केलंय का?” मी सगळं सांगितलं. त्यांनी लगेच रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. पहाटेपर्यंत आत्यांनी डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. कॉर्टिसॉल १.९. डॉक्टर बाई म्हणाल्या, “इतकी आजारी बाई असेल तर हा आकडा एरवीच्या सकाळपेक्षाही वर जायला पाहिजे. यांच्या शरीरात तयारच होत नाहीये.”

मी विचारलं, “मॅडम, मीच पुड्या बंद केल्या. माझी चूक झाली का?”

त्या म्हणाल्या, “बंद करायचं ठरवलंस ते बरोबर. एकदम बंद केलंस, ते चुकलं.”

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. आज बोलतेय तेही त्यासाठीच.

आता हे कॉर्टिसॉल म्हणजे काय ते बघू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. पुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या कॉर्टिसॉल बनवून रक्तात सोडतात. उपाशी असताना साखर खाली जाऊ न देणं, बीपी टिकवणं, अंगावरची सूज आवरणं, ताप आला किंवा ऑपरेशन झालं तर शरीराला तग धरायला लावणं, ही त्याची कामं. त्याला ताणाचं संप्रेरक म्हणतात, म्हणून आपल्याला वाटतं की ते वाईटच. तसं नाही. ते नसेल तर माणूस साध्या तापातसुद्धा दगावू शकतो.

इथं ताण म्हणजे फक्त मनातली काळजी नव्हे. ताप, जखम, रक्तस्राव, उपासमार हासुद्धा शरीराच्या लेखी ताणच. मनाच्या धक्क्यानंही कॉर्टिसॉल तेवढ्यापुरतं वर जातं, पण ते पुन्हा खालीही येतं. नवऱ्याची दारू, पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, यांचा हिशेब एका सुईच्या रक्तात निघत नाही.

डॉक्टर बाईंनी मला समजावलं, ते मी आमच्या गावच्या पाण्यावरून समजून घेतलं. गावची टाकी असते, विहिरीवर मोटर असते, आणि पाणी सोडणारा माणूस असतो. टाकी खाली गेली की तो मोटर चालू करतो, भरली की बंद. शरीरातही तसंच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. रक्तातलं कॉर्टिसॉल कमी झालं की ती खालच्या ग्रंथींना निरोप पाठवते, बनवा. पुरेसं झालं की निरोप थांबतो.

आता समजा, उन्हाळ्यात रोज टँकर येऊन टाकी भरतोय. पाणी सोडणारा म्हणेल, टाकी भरलेलीच आहे, मोटर कशाला लावू? वर्षभर मोटर बंद. तिला गंज चढतो. मग एके दिवशी टँकर अचानक बंद झाला. बटण दाबलं, मोटर फिरत नाही. गाव तहानलेलं.

आत्यांच्या पुड्या म्हणजे तो टँकर. स्टिरॉइड हे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध. बाहेरून दीड वर्ष मिळत राहिलं, म्हणून आतली मोटर बंद पडली. आणि मी एका संध्याकाळी टँकर थांबवला.

स्टिरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही, हेही सांगते. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला या जातीचं पहिलं औषध, कॉर्टिसोन, दिलं. थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. १९५० साली हेंच आणि आणखी दोघांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. आजही दम्याचा जोराचा झटका, काही किडनीचे आजार, संधिवाताचे काही प्रकार यांत हे औषध जीव वाचवतं. दिवस भरण्याआधी कळा लागल्या तर बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून आईला तेच देतात. डॉक्टरनं मोजून दिलं, किती दिवस ते सांगितलं, तर ते औषध. पुडीत लपवून दिलं, तर फसवणूक.

आता तपासणीकडं येऊ. सकाळीच का?

कॉर्टिसॉल दिवसभर सारखं नसतं. रात्री दोन-तीनच्या सुमारास ते चढायला लागतं, आपण उठायच्या वेळी सगळ्यात जास्त असतं. नंतर दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. म्हणून ग्रंथी नीट चालते का ते बघायचं तर भरतीच्या वेळी बघायचं. साधारण सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान. तेव्हाही आकडा अगदी कमी आला, तर काहीतरी बिघडलंय.

आमच्या ताईचं रक्त घेतलं साडेतीनला. तेव्हा आकडा सकाळच्या निम्म्यावर येणं हे साहजिकच. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिचं बीपी बघितलं, काही पुड्या-गोळ्या घेते का विचारलं, वजन घटलंय का विचारलं. तसं काही नव्हतं. ते म्हणाले, गरज दिसत नाही, पण तुझ्या मनाचं समाधान हवं तर सकाळी एकदा कर. तिनं केलं. १३.२ आलं. त्या दिवशी ती बाजारातून जिलेबी घेऊनच घरी गेली.

डॉक्टरनं ही तपासणी लिहून दिली, तर काय काय ध्यानात ठेवायचं, ते सावकाश सांगते. गटातल्या कुणीतरी वहीत लिहून घ्या.

एक. वेळ. सकाळी आठ-नऊला रक्त द्यायचं. आपल्याला पहिल्या एसटीनं जावं लागतं. धावतपळत पोचलात तर थोडा वेळ शांत बसा, मग रक्त द्या. आणि घेतल्याची वेळ कागदावर लिहायला सांगा. वेळ नसलेला कॉर्टिसॉलचा रिपोर्ट म्हणजे तारीख नसलेली पावती.

दोन. उपाशीपोटी जायचं का, ते लॅबला आदल्या दिवशी विचारा. या तपासणीला नेहमीच लागतं असं नाही, पण बरोबर साखरेची तपासणी असेल तर उपाशी राहावं लागतं.

तीन. झोपेची वेळ सांगा. रात्रपाळी करणाऱ्या बाईचं, रात्रीच्या लाइटवर पाणी धरणाऱ्या बाईचं शरीराचं घड्याळ फिरलेलं असू शकतं. तिची सकाळ म्हणजे तिची रात्र. डॉक्टरला हे कळलं पाहिजे.

चार. सगळी औषधं सांगा. सगळी म्हणजे सगळी. गोळ्या, दम्याचा पंप, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, पुड्या, भस्म आणि तोंडाला लावायची क्रीमसुद्धा. डाग जायला, रंग उजळायला म्हणून मुली मेडिकलमधून ट्यूब आणतात, त्यातल्या काहींत तीव्र स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी तर बिघडतेच, आतल्या ग्रंथीवरही परिणाम होऊ शकतो.

पाच. पाळणा लांबवायच्या गोळ्या सांगा. आशाताई देतात त्या माला-एन सारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. त्यानं रक्तातलं एक प्रथिन वाढतं, कॉर्टिसॉल त्याला चिकटून राहतं आणि आकडा खोटाच मोठा दिसतो. गरोदरपणातही तसंच. मनानं गोळी बंद करू नका, फक्त सांगा. आणि टीबीचं औषध चालू असेल तर तेही सांगा. त्यातलं रिफाम्पिसिन शरीरातलं कॉर्टिसॉल लवकर संपवतं.

सहा. स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर तपासणीआधी कुठला डोस कधी थांबवायचा, ते डॉक्टरच ठरवतील. लॅबवाल्यानं नाही, शेजारणीनं नाही, आणि समन्वयकानं तर नाहीच नाही.

आता रिपोर्ट वाचायचा कसा? आपण डॉक्टर व्हायचं नाही, पण आपला कागद आपल्याला कळावा. आकड्याशेजारी माप लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर लिहितात. पहिल्या मापातला १० म्हणजे दुसऱ्या मापातला जवळजवळ २७६. म्हणून दोन लॅबचे दोन आकडे शेजारी ठेवून, अगं बाई, एवढं वाढलं, असं म्हणायचं नाही. आधी माप बघायचं.

पहिल्या मापात, सकाळचा नेहमीचा आकडा बऱ्याच लॅबमध्ये साधारण ५ ते २५ च्या दरम्यान धरतात. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते, ती कागदावर छापलेली असते. सकाळचा आकडा ३ च्या खाली असेल, तर ग्रंथी काम करत नसल्याची शंका दाट. १५-१८ च्या वर असेल, तर ग्रंथी बहुधा ठीक. मधल्या आकड्यावरून सहसा थेट निकाल देत नाहीत. तेव्हा एक इंजेक्शन देऊन, अर्ध्या तासानं आणि तासानं पुन्हा रक्त घेतात. म्हणजे मोटरला बाहेरून धक्का देऊन ती फिरते का ते बघतात.

आणि एक. कॉर्टिसॉल जास्त झालंय का, याचा निकाल सकाळच्या एका रक्तावर लागत नाही. सकाळी ते सगळ्यांचंच जास्त असतं. त्यासाठी रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी, किंवा रात्री एक गोळी देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त, अशा वेगळ्या तपासण्या आहेत. म्हणून सकाळचा आकडा थोडा वर दिसला, की तुम्हाला फार स्ट्रेस आहे, आमचं हे चूर्ण घ्या, असं कुणी म्हणालं तर पदर झटकून उठायचं.

मग ही तपासणी नक्की कुणाला लागते?

पहिल्या, आत्यांसारख्या. स्टिरॉइड बरेच दिवस घेतलेल्या, मग ते चिठ्ठीवरचं असो की पुडीतलं. खूप थकवा, मळमळ, वजन उतरणं, उठल्यावर चक्कर.

दुसऱ्या, ज्यांचं बाळंतपणात फार रक्त गेलं. हे नीट ऐका, कारण हे आपल्या गावागावांत आहे. बाळंतपणात रक्त खूप गेलं की मेंदूतल्या त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला रक्त पोचत नाही आणि ती सुकते. खूणगाठ काय? बाळाला पाजायला दूध आलंच नाही. पाळी परत आली नाही. काखेतले केस गळले. थंडी सोसत नाही. बाई वर्षानुवर्षं गळून गेलेली. लोक म्हणतात, बाळंतपण बाधलं, बाई आळशी झाली. बाई आळशी नसते, तिचा निरोप पाठवणारा मेंदूतला माणूसच गेलेला असतो. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. रोजच्या गोळ्यांनी अशी बाई पुन्हा उभी राहते. तुमच्या गटात अशी कुणी आहे का, आठवून बघा. दहा वर्षं झाली असली तरी उशीर झालेला नाही.

तिसऱ्या, ज्यांचं वजन उतरतंय, बीपी कायम कमी, मिठाचं खावंसं वाटतं आणि तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडत चाललेत. लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली हा आजार लिहून ठेवला. त्यांच्या रोग्यांपैकी बऱ्याच जणांच्या ग्रंथी टीबीनं खाल्ल्या होत्या. आपल्याकडं आजही टीबी हे त्याचं एक कारण आहे.

आणि कुणाला लागत नाही? नुसता थकवा आहे, चिडचिड होते, झोप येत नाही, म्हणून पॅकेज घ्यायला निघालेल्या बाईला. तिनं आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड डॉक्टरच्या सल्ल्यानं बघावं. आपल्यातल्या निम्म्या जणींचा थकवा तिथंच सापडेल. आणि मनावर ओझं असेल तर ते बोलून हलकं होतं. सरकारची टेली मानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण असेल तर १८१.

आता आत्यांचं पुढं काय झालं ते सांगते. दवाखान्यातून घरी आल्या त्या रोजच्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घेऊन. डॉक्टर बाईंनी हळूहळू डोस उतरवला. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही पहिल्या एसटीनं जायचो, सकाळी आठचं रक्त द्यायचो, मगच सकाळची गोळी. तिसऱ्या महिन्यात ४.२. सातव्या महिन्यात ७.८. मोटर कुरकुरत फिरायला लागली होती. अकराव्या महिन्यात १२.६ आलं, तेव्हा गोळी थांबली. त्या वर्षभरात ताप आला तर डोस वाढवायचा, उलट्या होऊन गोळी पोटात राहिली नाही तर थेट दवाखाना गाठायचा, आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलं तरी आधी स्टिरॉइडचं सांगायचं. आत्यांच्या बटव्यात तशी चिठ्ठीच ठेवली होती.

या सगळ्यात एक गोष्ट मी विसरले होते. आत्यांनीच आठवण करून दिली. एकदा परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, “तू पुड्या जाळल्यास, बरं केलंस. पण माझं गुडघं तेव्हा बी दुखत हुतं नि आता बी दुखत्यात. त्याचं कुणी इचारलंच न्हाई.”

खरं होतं. पुडी वाईट असेल, पण दुखणं खोटं नव्हतं. बाईच्या दुखण्याला घरात कुणी वेळ देत नाही, म्हणून ती पुडीवाल्याकडं जाते. मग आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. व्यायाम, शेक, गरजेपुरती गोळी, बसायला उंच पाट. खाली बसून भांडी घासणं मी बंद केलं, मोरीला कट्टा केला. गुडघे पूर्ण बरे नाहीत. पण आत्या देवळापर्यंत चालत जातात, आणि चेहरा त्यांचा स्वतःचा आहे.

आता आमच्या गटांत आम्ही एक पद्धत पाडलीय. महिन्याच्या एका बैठकीत हिशेब झाला की, घरात कुणाच्या बिननावाच्या पुड्या चालू आहेत का, हे विचारतो. असतील तर जाळायला सांगत नाही. पुडी आणि बाई, दोघींना घेऊन आरोग्य केंद्रात जातो. आणि तपासणीसाठी गटातून कर्ज हवं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बघतो. तो नियम त्या तिघींनीच सुचवला.

तर मैत्रिणींनो, एवढंच लक्षात ठेवा. सकाळी आठचं रक्त तुमची काळजी मोजत नाही, तुमची ग्रंथी चालते का ते सांगतं. आणि घरात कुणी स्टिरॉइड घेत असेल, तर ते एकदम बंद करू नका. मी केलं होतं. आत्या वाचल्या, म्हणून आज तुमच्यासमोर हे सांगू शकले.

येते मी. बैठकीत भेटूच. नमस्कार.